शिळेला मुकी म्हणणाऱ्यांसाठी

१/ लेख कोरल्याशिवाय शिळा बोलत नाही, हा समज इतिहासप्रेमींत दृढ आहे. तो निराधार आहे. कोरणारा हात जन्मण्याच्या कितीतरी आधी ग्रॅनाइट आपली बखर लिहून बसला होता.

२/ गंगोत्रीचे शिवलिंग शिखर पाहा. तेथील फिकट ग्रॅनाइटमधील टूर्मलीन आणि पांढरा अभ्रक बोरॉन व ॲल्युमिनियमच्या विपुलतेची साक्ष देतात. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, खोल गाडले गेलेले गाळाचे खडक वितळून हा शिलारस जन्मला.

३/ लडाखच्या ग्रॅनाइटचे कुळ निराळे. त्यातील हॉर्नब्लेंड टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात असतानाच्या पाणीदार शिलारसाची खूण आहे.

४/ अख्खा खडक दळून केलेले पृथक्करण पुरेसे मानणाऱ्यांच्या हाती केवळ सरासरी लागते. प्लॅजिओक्लेजच्या गाभ्यात कॅल्शियम अधिक, कडेला सोडियम अधिक; निवत्या शिलारसाचे पालटणे त्यात थरांनी नोंदलेले असते.

५/ झिरकॉन घडताना युरेनियम स्वीकारतो, शिसे जवळपास नाकारतो. म्हणून पुढे त्यात साठलेले शिसे काळ मोजते. हिमालयी ग्रॅनाइटमधील कित्येक झिरकॉनांचा गाभा पर्वताहून प्राचीन, कडा मात्र तरुण.

६/ ताम्रपट बनावट निघतो, बखर पक्षपाती असते. खनिजांच्या नोंदीही नंतरची उष्णता व पाणी पुसू शकतात. तेव्हा उलटतपासणी त्यांचीही व्हावी. परंतु साक्ष न घेताच साक्षीदाराला मुका ठरवणे, हा इतिहास नव्हे.