मज्जेचें रोपण व कारखान्यांतील किरण

"सर, किरणांनीं रक्त नासलें तर दुसऱ्याची मज्जा घालून माणूस बरा होतो ना?" असा प्रश्न यंदा नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें केला. त्याचे वडील चाकणकडील एका कारखान्यांत कामास असतात. ओतीव लोखंडांतील भेगा पाहण्यासाठीं तेथें रात्रपाळीस गामा किरणांचीं छायाचित्रें घेतात. मीं "होय" म्हणून पुढचा धडा घेतला. तें उत्तर अपुरें होतें, म्हणून हा लेख.

रक्तांतील पेशी अल्पायुषी असतात. हाडांच्या पोकळींतील मज्जेमधील मूळ पेशी त्यांची भरती अहोरात्र करीत असतात. किरणांचा जबर मारा झाला म्हणजे ह्या मूळ पेशी मरतात. रोगी प्रथम बरा भासतो. पण दोन-तीन आठवड्यांत जुन्या पेशी संपत येतात, नव्या येत नाहींत, आणि साध्या जंतूंपुढेंही शरीर हात टेकतें. अशा वेळीं जुळणाऱ्या दात्याच्या मूळ पेशी शिरेवाटे दिल्यास त्या आपण होऊन हाडांत जाऊन वस्ती करितात. १९५८ सालीं युगोस्लाव्हियांतील व्हिंचा येथें अपघात झाला, तेव्हां पॅरिसमध्यें डॉ. जॉर्ज माते ह्यांनीं पांच जणांस मज्जा दिली. त्यांपैकीं चौघे वांचले.

चेर्नोबिलची हकीगत मात्र निराळी. १९८६ सालीं तेथील तेरा जणांस मज्जा दिली, त्यांतले दोघेच जगले. आणि त्या दोघांतही परकी मज्जा टिकली नाहीं, त्यांची स्वतःचीच पुन्हां उभी राहिली. बाकीच्या बहुतेकांची त्वचा व आंतडीं कामांतून गेलीं होतीं. आंतड्याचें अस्तर थोड्याच दिवसांत सारें नवें होत असतें. तें नवें करणाऱ्या पेशीच मेल्यावर मज्जा काय करणार? रक्त उसनें मिळतें, आंतडें मिळत नाहीं. इतकें तरी मला वर्गांत सांगतां आलें असतें.

म्हणून छायाचित्र झाल्यावर इरिडियमची ती मिरीएवढी गोळी डब्यांत परतली कीं नाहीं, हें किरणमापकानें पाहिल्यावांचून कोणीं जवळ जाऊं नये. २०१० सालीं दिल्लीच्या मायापुरींत लिलावांतलें जुनें यंत्र भंगारांत फोडलें गेलें आणि आंतल्या कोबाल्टनें एका मजुराचा बळी घेतला. भंगाराचा धंदा आपल्याकडेही थोडा नाहीं.

ह्यावरून मज्जारोपण निरुपयोगी असें मात्र कोणीं समजूं नये. त्याचें खरें क्षेत्र रक्ताचे रोग हें आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९८३ सालीं डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची मज्जा दिली. भारतांतील यशस्वी मज्जारोपणाचा आरंभ तो. (डॉक्टर स्वतः लहानपणीं पोलिओनें अधू झालेले, चाकांच्या खुर्चींत बसून त्यांनीं हें काम केलें.) ह्या उपचारांत रोगट मज्जा औषधांनीं, क्वचित् मोजून दिलेल्या किरणांनींही, आधीं मुद्दाम मारितात. घातक तेंच येथें उपयोगी पडतें, कारण तेथें माप आहे.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. ज्यांचें भावंड जुळत नाहीं त्यांस अनोळखी दाताच शोधावा लागतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनीं अठरा वर्षें पुरीं होतांच दात्यांच्या नोंदणींत नांव घालावें, असें माझें आग्रहाचें मत आहे. गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरवितात, इतकेंच. पुढें कोणाशीं जुळलेंच, तर चार-पांच दिवस सुया टोंचून घ्याव्या लागतात. मग हाताच्या शिरेंतून रक्त यंत्रांत नेऊन मूळ पेशी वेगळ्या काढितात व उरलेलें परत देतात. अंग दुखतें, तें थोडे दिवस. "हाडांतून कांहीं काढलें तर मुलगा जन्माचा अधू होईल," ही पालकांची भीति मीं घरोघरीं ऐकली आहे. दिलेल्या पेशी शरीर कांहीं आठवड्यांत भरून काढतें.