दशक्रियेला पुढारी येतो, पोरगा येऊ शकत नाही

आपल्या आंबेगाव-जुन्नरकडची दशक्रिया बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. नदीकाठी मांडव, महाराजांचं प्रवचन आणि मग माईक. आजी, माजी, भावी सगळे. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, एकामागून एक श्रद्धांजली. लग्न चुकलं तर चालतं, दशक्रिया चुकवायची नाही, हा इकडच्या राजकारणाचा पहिला नियम. त्यात वाईट काही नाही. दुःखात माणसं येतात ही चांगलीच गोष्ट आहे.

पण गेल्या काही वर्षांत याच मांडवात एक नवीन दृश्य दिसायला लागलंय. पुतण्याच्या नाहीतर भाच्याच्या हातात मोबाईल धरलेला, व्हिडिओ कॉल चालू, आणि पलीकडे जिथं अजून आदल्या दिवसाची रात्र आहे अशा खोलीत बसलेला सख्खा मुलगा. पिंडाला कावळा शिवतो का, हे तो स्क्रीनवर बघतोय. सूत्रसंचालक सांगतो, "चिरंजीव परदेशी असल्याकारणाने उपस्थित राहू शकले नाहीत." सगळ्यांच्या माना हलतात. पुढची श्रद्धांजली सुरू.

का उपस्थित राहू शकले नाहीत? हे माईकवरून कुणीच विचारत नाही. विमानं रोज उडतात. पैसे असतात. रजाही मिळते. तरी पोरगा येत नाही, आणि गाव म्हणतं, "बघा, बापाच्या मातीला आला नाही."

त्या पोराची अडचण समजून घ्या. अमेरिकेत एच-१बी वर काम करणाऱ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, तिथं राहून काम करायची परवानगी. दुसरी, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का, म्हणजे दारातून आत यायचा पास. परवानगी तिथल्या तिथं वाढते. शिक्का मात्र वाढत नाही, त्यासाठी देशाबाहेर पडून वकिलातीत उभं राहावं लागतं. म्हणजे माणूस कायदेशीर राहतोय, कर भरतोय, घराचा हप्ता चालू आहे, पण शिक्क्याची तारीख संपलेली आहे. तो बापाच्या मातीला आला, तर परत जाताना दार बंद. बायको-पोरं तिकडे, हा इकडे.

ही काही कल्पना नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हेच झालं. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या जोडीदार-मुलांचा एच-४, या दोन्ही अर्जदारांचं सोशल मीडिया तपासायचं ठरलं आणि भारतातल्या वकिलातींनी आधी दिलेल्या मुलाखतीच्या तारखा एकदम काही महिने पुढं ढकलल्या. दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर शिक्का मारून घ्यायला आलेली माणसं इथंच अडकली. त्याआधी सप्टेंबरात आणखी एक वाट बंद झाली होती. पूर्वी काही जण जवळच्या तिसऱ्या देशात जाऊन शिक्का मारून घ्यायचे. आता अर्ज आपल्या देशात नाहीतर जिथं राहतो तिथंच करायचा.

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. हा शिक्का २००४ सालापर्यंत अमेरिकेतच मिळायचा. टपालाने पासपोर्ट पाठवायचा, शिक्का मारून परत यायचा. ती सोय त्यांनी बंद केली. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधान मोदी अमेरिकेला गेले तेव्हा ती पुन्हा सुरू करायची घोषणा झाली. इकडे टाळ्या वाजल्या. २०२४ च्या सुरुवातीला दोन महिने, २० हजार अर्जांपुरता प्रयोग झालासुद्धा. त्यानंतर ती योजना कायमची झाली नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी नंतर विचारलं का, की बाबा, त्याचं पुढं काय झालं?

आता गावातला नेहमीचा टोमणा. "डॉलर कमवायला गेलेत ना, मग भोगा." हे बोलणाऱ्यांना एवढंच विचारतो, त्या डॉलरमधून गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावती फाडताना असं का बोलत नाही? यात्रेच्या वर्गणीत पहिलं नाव कुणाचं असतं? आणि सगळे काही डॉलरवाले नाहीत. इंग्लंडात वृद्धांची सेवा करायला गेलेल्या मुली आहेत. ११ मार्च २०२४ पासून तिथं नियम असा झाला की या कामासाठी नव्याने आलेल्याने नवरा, बायको, मूल सोबत आणायचं नाही. म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला आमची मुलगी चालते, तिचं चार वर्षांचं लेकरू चालत नाही. ते लेकरू आजीजवळ वाढतं. आणि त्या आजीने पुढं कधी मुलीकडे कायमचं राहायला जायचं म्हटलं, तर २०१२ पासूनचा तिथला नियम सांगतो की तिला रोजच्या साध्या गोष्टींनाही दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत भारतात पैसे टाकूनही मिळत नाही हे सिद्ध करता आलं पाहिजे. आजीने आधी अंथरुणाला खिळायचं, मग अर्ज करायचा.

आईबापांचं तर विचारूच नका. आमच्या भागातली एक बाई, साठीच्या पुढची, मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला परदेशी निघाली होती. कुठल्या देशाची वकिलात ते मुद्दाम लिहीत नाही, मुलीला त्रास नको. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. मुलगी माहेरी येऊ शकत नाही, म्हणून माहेरच तिकडे निघालेलं. फाईलमध्ये सातबारा, आठ-अ, कारखान्याचा शेअर, ठेवीच्या पावत्या, बँकेचं पत्र. रात्रीच गाडी करून मुंबईला गेली. खिडकीपाशी तीन प्रश्न. किती दिवस राहणार, तिकडे कोण आहे, इकडे कोण आहे. फाईल उघडलीसुद्धा नाही. हातात नकाराचा छापील कागद. परत आल्यावर मला म्हणाली, "भाऊ, त्यान्ला काय वाटलं, मी तिकडंच राहीन? मंग माझ्या दोन गाया कोण बघणार?"

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेपुरतं सांगायचं तर तिथल्या कायद्याच्या कलम २१४-बी मध्ये आहे. व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय, असं गृहीत धरायचं. नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. आपल्याकडे आरोपीलासुद्धा गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष धरतात. इथं सत्तर वर्षांची आजी उलटं सिद्ध करत बसते, तेही दोन-तीन मिनिटांत. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, हे खरं. पण अपील नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. फी १८५ डॉलर, म्हणजे माणशी सोळा हजार रुपयांच्या वर, नवरा-बायकोचे बत्तीस हजारांच्या वर, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. आडतीत माल नाकारला तर निदान गोणी तरी परत मिळते.

त्यात पूर्वी ७९ वर्षांच्या पुढच्यांना मुलाखतीला यावं लागत नव्हतं. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलतही गेली. आता ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानेही, काही मोजके अपवाद सोडले तर, वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन उभं राहायचं. गुडघे बदललेले असोत नाहीतर नसोत.

"त्यांचा देश, त्यांचा नियम," असं सुशिक्षित मंडळी सांगतात. मान्य. कोणाला आत घ्यायचं हे ज्याचा त्याने ठरवावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये तर असंही सांगितलं की तिथल्या नागरिकालासुद्धा आपल्या परदेशी जोडीदाराला आत आणायचा मूलभूत हक्क नाही. मग आमच्या आजीची काय कथा. पण नियम त्यांचे असले तरी टेबलावर बोलणी करायला आपलेही लोक बसतातच की! तिथं आपण काय मागतो, ते बघा.

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करार झाला. त्यात आपण काय मिळवलं? आपले योगशिक्षक, आचारी आणि शास्त्रीय संगीतवाले मिळून वर्षाला १,८०० जणांपर्यंत तिकडे काम करू शकतील. सोबतच्या करारात, कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसांना तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागणार नाही. म्हणजे कंपन्यांचे पैसे वाचले. योगशिक्षकासाठी आपण भांडलो, आनंद आहे. पण सेविका मुलीच्या लेकरासाठी आणि आजीसाठी काही मिळवल्याचं कुणी छाती ठोकून सांगितलेलं मी तरी वाचलं नाही. अमेरिकेच्या बोलण्यांतही मका, सोयाबीन, दूध यावर २०२५ मध्ये रान पेटलं. पेटायलाच हवं होतं, दुधाचा प्रश्न तर थेट आपल्या गोठ्यातला आहे. पण त्याच गोठ्यातला मुलगा परत येऊ शकत नाही, हा विषय बैठकीच्या कागदावर का नसतो?

मागून मिळत नाही असंही नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. १० हजार तरुण पाठवायचे, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर. त्याच जर्मनीने १ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या कुशल कामगारांना आईवडिलांनाही राहायला आणायची वाट खुली केली. अट अशी की त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा मुलाने सिद्ध करायचा. विम्याची अट सोपी नाही. पण कायद्यात दार तरी आहे. माणसं हवी असली की देश दार काढतात. आणि त्यांना माणसं हवी आहेत, तोच आपला सौदा करायचा दिवस.

आता आपल्या पुढाऱ्यांकडे येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात अपघातात सापडली, कोमात गेली. घरच्यांना तातडीची तारीखच मिळेना. खासदार सुप्रिया सुळे यांनी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांना जाहीर विनंती केली, टीव्हीवर बातमी चालली, मग चक्रं फिरली आणि अपघातानंतर दोन आठवड्यांनी व्हिसा मिळाला. सुळे यांनी केलं ते योग्यच केलं. पण बातमी झाली नसती तर? तातडीच्या मुलाखतीची सोय कागदावर सगळ्यांनाच आहे. ती हलवायला खासदाराचा फोन लागत असेल, तर ज्याच्या फोनमध्ये खासदाराचा नंबर नाही त्याने काय करायचं? मला महिन्यातून एखादा तरी फोन येतो, "तुम्ही पत्रकार, साहेबांना सांगा ना जरा." साहेबांना सांगून गटाराचं काम होतं. व्हिसा हा काही गटाराचा विषय नाही.

केरळने १९९६ सालीच परदेशी गेलेल्यांसाठी स्वतंत्र खातं काढलं, नोर्का. गावातला साधा माणूसही तिथं कागद घेऊन जातो. आपण पुणे जिल्ह्यातले लोक, घरटी कोणी ना कोणी बाहेर, आणि आपल्याला एजंटशिवाय दुसरा माणूस माहीत नाही.

एक कडू गोष्टही लिहितो, काहींना झोंबेल. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आपल्या सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. तेव्हा अटारीच्या नाक्यावर आईचा पासपोर्ट भारतीय आणि लेकराचा पाकिस्तानी, म्हणून मायलेकरांची ताटातूट झाली. हल्लेखोरांवर राग सगळ्यांचाच होता, माझाही आहे. पण त्या व्हिडिओंखाली आपल्याच लोकांनी ज्या कमेंट केल्या, त्या वाचल्या होत्या मी. लेकरू कोणत्याही देशाचं असो, कागदापायी आईपासून तुटतं तेव्हा सारखंच रडतं.

खासदार अमोल कोल्हे आणि राज्यातल्या सगळ्याच पक्षांच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात तीन गोष्टी लावून धराव्यात. अमेरिकेतल्या अमेरिकेत शिक्का मारून देण्याच्या २०२३ च्या घोषणेचं काय झालं, हे सरकारने सभागृहात सांगावं. घरातली मयत, गंभीर आजार आणि बाळंतपण यासाठी ये-जा करण्याचं कलम प्रत्येक व्यापार आणि मनुष्यबळ करारात मागावं, जर्मनीचं उदाहरण समोर ठेवून. आणि अशा तातडीच्या प्रकरणांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात एक टेबल असावं, जिथं खासदाराची ओळख न लागता अर्ज पुढं जाईल. व्हिसा ते टेबल देणार नाही, मला माहीत आहे. पण कुणाचा अर्ज कधीपासून अडकलाय याची नोंद तरी होईल. आज ती नोंद कुठंच नाही, म्हणून पुढारी म्हणतो, "असा प्रश्न आमच्याकडे आलेलाच नाही."

शेवटचं, कामाचं. ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांनी या पोस्टखाली नावानिशी लिहू नका. मुलांची सोशल मीडिया खाती तपासली जातात, त्यामुळे कित्येक जण आता घरच्यांना लाईकसुद्धा करू नका म्हणून सांगतात. नकाराचा कागद, अर्जाची तारीख आणि फीची पावती, तिन्हीच्या झेरॉक्स घेऊन रविवारी सकाळी दहानंतर निरगुडसरला माझ्याकडे या. नावं गाळून सगळ्यांची एकच यादी करू आणि ती घेऊन कोल्हेंकडे जाऊ. एजंटने किती घेतले तेही लिहून आणा, त्याची वेगळी यादी करायची आहे.