साखरखेर्डा वाटेत का गळते?

सिंदखेड राजा, लोणार, शेगाव ही बुलढाणा जिल्ह्याची ठरलेली सहल. सिंदखेड राजा तालुक्यातलेच साखरखेर्डा तीत क्वचितच असते. पलसिद्ध मठाचे आणि प्रल्हाद महाराजांच्या समाधीचे भाविक तिथे जातात, दर्शन घेऊन परततात; त्या शिवारात दख्खनचे पुढचे राजकारण ठरले, याची त्यांना सहसा कल्पना नसते. ऑक्टोबर १७२४ मध्ये बादशहा मुहम्मदशहाच्या छुप्या फुशीने मोगल सरदार मुबारिझखान दुसऱ्या मोगल सरदारावर, निजामुल्मुल्कावर चालून आला. निजामाने पहिल्या बाजीरावाशी आधीच संधान बांधले होते. मुबारिझखान पडला. निजामाने त्याचे शिर दिल्लीला धाडले आणि बंडखोर मारला गेल्याबद्दल वर बादशहाचेच अभिनंदन केले! विजयाप्रीत्यर्थ गावाचे फत्तेखेर्डा केले, पण लोकांनी जुने नाव सोडले नाही. हैदराबादची निजामशाही उभी राहिली ती या लढाईवर. मराठवाडा तिच्यातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून मठ आणि रणभूमी एकाच फेरीत दाखवायला हवीत.

दोन मोगली सरदारांच्या भांडणाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण चाकरी कोणाची यावर स्मृती ठरवायची, तर अहमदनगरची निजामशाही आणि मोगल दोघांकडे राहिलेल्या लखुजी जाधवांच्या सिंदखेड राजातील समाधीपुढे आपण माथा का टेकतो? आणि स्मृती सरदारांचीच कशाला? पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे दगड एकसारखे आहेत, हुद्दा कोणताही असो. साखरखेर्ड्याला पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरणे आता शक्य नाही. जागेची ओळख तरी देता येईल. मठ हे उपासनेचे ठिकाण, तिथे पर्यटकांची वर्दळ नको, हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. म्हणूनच कमानी, पुतळे, रंगीत दिवे यांतले काहीही नको (सुशोभीकरणाने आपण बरेच काही विद्रूप केले आहे). मठाशी आणि गावाशी बोलून बसथांब्याजवळ एक नकाशा आणि मराठी मजकुराचा फलक लावावा, शेते शेतकऱ्यांचीच राहू द्यावीत. रस्ते-पाण्याचा निधी त्यासाठी अडणार नाही. मजकुरात सरदारांबरोबर शिपाईही असावेत, आणि याच निजामाला बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेडला कोंडले तेही यावे. नाहीतर निजामाचीच बाजू सांगितल्यासारखे होईल.