२०४ की २५८? आणि दुरुस्त कोण करणार?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत हुबळीला घरी गेलो होतो. पाटीवर हुब्बळ्ळी लिहिलेलं असलं तरी आमच्या घरात अजून हुबळीच म्हणतात. खरेदीसाठी संध्याकाळी कोप्पीकर रोडला गेलो. दिवाळीतला कोप्पीकर रोड ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथे चालणारा माणूस गाडीवाल्याच्या आधी पोचतो. त्या गर्दीत एकामागे एक दोन गाड्या अडकल्या होत्या. पुढे मर्सिडीजची सी-क्लास, मागे बीएमडब्ल्यूची ३ सिरीज. माझा मावसभाऊ फोटो काढत म्हणाला, "पुढची २०४ हॉर्सपॉवर, मागची २५८. मागचीच भारी!" त्याचा मित्र म्हणाला, "पण मर्सिडीज ती मर्सिडीज." वाद रंगला. तेवढ्यात केळ्यांची एक हातगाडी दोन्ही गाड्यांच्या बाजूने शांतपणे पुढे निघून गेली.

बाबा सोबत होते. त्यांचं छोटं गॅरेज आहे, तीस वर्षांपासून. गिऱ्हाईकं त्यांना 'मेस्त्री' म्हणतात. वाद ऐकून ते एवढंच म्हणाले, "दोन्ही भारी आहेत रे. पण बिघडली तर उघडणार कोण?"

सुट्टी संपली, मी कॉलेजला परत आलो, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

आधी त्या स्पर्धेबद्दल. मधल्या आकाराच्या आलिशान सेडानमध्ये जुने तीन पैलवान आहेत. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज १९७५ पासून, मर्सिडीजचं सी-क्लास हे नाव १९९३ पासून आणि ऑडीची ए४ १९९४ पासून. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे यांतल्या दोघांचा महाराष्ट्राशी संबंध आहे. भारतात विकली जाणारी सी-क्लास पुण्याजवळ चाकणला जोडली जाते आणि ए४ची जोडणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला होत आली आहे. ३ सिरीज चेन्नईची.

एकाने इंजिन बदललं की दुसऱ्याला बदलावंच लागतं. २०१९ मध्ये नवी ३ सिरीज भारतात आली, तिच्या ३३०आय मॉडेलमध्ये दोन लिटरचं २५८ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. २०२१च्या जानेवारीत ए४ परत आली ती फक्त पेट्रोलवर, १९० हॉर्सपॉवरची. ऑडीने तोपर्यंत भारतात डिझेल सोडलं होतं. २०२२ मध्ये नवी सी-क्लास आली. तिच्या सी२०० मध्ये इंजिन फक्त दीड लिटरचं, पण ताकद २०४ हॉर्सपॉवर. दीड लिटर म्हणजे आपल्याकडच्या साध्या सेडानमध्ये असतं तेवढंच. मग एवढी ताकद येते कुठून? एक्झॉस्टमधून बाहेर जाणारा गॅस टर्बोचं चाक फिरवतो, ते चाक इंजिनात जास्त हवा कोंबतं. शिवाय ४८ व्होल्टची एक मोटर गाडी उचलताना मदतीला येते. पूर्वी स्टार्टर वेगळा आणि अल्टरनेटर वेगळा असायचा. आता दोघांचं काम ही एकच मोटर करते.

हे सगळं केवळ एकमेकांना हरवायला चाललंय असं नाही. मोठा रेटा कायद्याचा आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम आले. आपण बीएस-४ वरून थेट ६ वर उडी मारली. डिझेलमधलं गंधक पन्नास पीपीएमवरून दहावर आलं, धुरातली काजळी अडवणारे फिल्टर आले. एप्रिल २०२३ पासून तर गाडी प्रयोगशाळेतच नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावरही किती प्रदूषण करते हे तपासलं जाऊ लागलं. म्हणजे आमचा मावसभाऊ ज्या आकड्यांवर भांडत होता, त्यांच्यामागे हे नियमही आहेत.

मला हे बदल वाईट वाटत नाहीत. 'जुनं इंजिन ते जुनं इंजिन' म्हणून उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. बाबांनी तीस वर्षं जुन्या डिझेल गाड्यांचा धूर छातीत घेतलाय. इंजिन स्वच्छ झालं तर सगळ्यात आधी भलं मेस्त्रीचंच होतं.

माझी तक्रार दुसरी आहे. इंजिन सुधारलं, पण त्याच वेळी त्याला कुलूप लागलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. सात-आठ वर्षं जुनी एक आलिशान डिझेल सेडान बाबांकडे आली. ब्रँडचं नाव घेत नाही. मालक म्हणाले, "मेस्त्री, स्वल्प नोड्री." बाबांनी बॉनेट उघडलं, मिनिटभर कान लावला आणि म्हणाले, "मिसिंग करतेय. इंजेक्टर गेलाय." मग साधा स्कॅनर लावला. पडद्यावर आलं, पी ०३००. या कोडचा अर्थ काय? सिलिंडर मिसफायर होतायत. म्हणजे मिसिंगच! बाबांच्या कानाने आणि मशीनने एकच गोष्ट सांगितली, फक्त भाषा वेगळी. बाबांनी नवा इंजेक्टर बसवला. तरी गाडी धडधडत राहिली, दिवा विझेना. कारण नव्या इंजेक्टरचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरला 'सांगावा' लागतो, आणि ते सांगणारं सॉफ्टवेअर आमच्यासारख्या गॅरेजला मिळत नाही. शेवटी गाडी टोइंगवर घालून कंपनीच्या वर्कशॉपला गेली. तिथे तो नंबर भरला आणि गाडी सुरू झाली. मालक गावभर सांगत राहिले, "मेस्त्रीला जमलं नाही."

बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून तशी गाडी आली की ते लांबूनच हात जोडतात. निदान बरोबर, काम बरोबर, आणि तरी नाव गेलं. हे मला लागलं.

कुणी म्हणेल, आधुनिक गाडी कुणाच्याही हाती द्यायची का? चुकीच्या हातांनी अपघात होतील. मुद्दा खोटा नाही. पण यावर उत्तर म्हणजे प्रशिक्षण, कुलूप नव्हे. आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधण्याची साधनं मिळू न देणं हाच त्यातला मुद्दा होता. त्या १४ जणांत आलिशान गाड्या करणारेही होते आणि रोजच्या गाड्या करणारेही. पुढे अपिलं झाली, प्रकरण कोर्टात लांबलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. मोबाईल, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं यांच्यासोबत गाड्याही त्यात घेतल्या. एक पोर्टलही सुरू झालं. पण बाबांच्या गॅरेजपर्यंत अजून काही आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आलिशान गाड्यांचं आम्हाला काय? आमच्याकडे स्कूटर आहे. पण जे तंत्र आज पन्नास-साठ लाखांच्या गाडीत येतं ते थोड्या वर्षांत दहा-पंधरा लाखांच्या गाडीत उतरतं. टर्बो असाच उतरला. चाकणमध्येच बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये एक लिटरचं टर्बो इंजिन आहे, ११५ पीएसचं. तंत्रासोबत कुलूपही उतरणारच. उद्या ते तुमच्या स्कूटरला लागेल.

आणि आपण वाङ्मय मंडळाची माणसं, म्हणून एक गोष्ट आपल्याकडेही येते. पिकअप नाही, मिसिंग करते, इंजिन उतरवायचं, हेड खोलायचं अशी गॅरेजची स्वतःची मराठी आहे. हुबळीत तिच्यात कानडी मिसळते, पुण्यात हिंदी. पण बीएस-६ इंजिन, हायब्रीड मोटर, कोडिंग यावर मेस्त्रीला वाचता येईल असं मराठीत काय आहे? बाबा मला फोनवर इंग्रजी मॅन्युअलची पानं पाठवतात आणि मी रात्री त्यांना समजावून सांगतो. मी बी.ए.ला आहे, मेकॅनिकलला नाही! तरी जमतंय. आपल्यापैकी दहा जणांनी मनावर घेतलं तर एक छोटी मराठी पुस्तिका तयार होईल. कवितांच्या अंकाशेजारी ती शोभेल असं मला तरी वाटतं.

यापुढे गाडीवर वाद झाला तर २०४ की २५८ जरूर विचारा. मलाही त्यात मजा येते. फक्त त्यासोबत शोरूममध्ये आणखी एक प्रश्न विचारा: वॉरंटी संपल्यावर माझ्या गल्लीतल्या मेस्त्रीला हिची माहिती मिळेल का? शंभर गिऱ्हाइकांनी हे विचारलं, तर कुठली तरी एक कंपनी उत्तर देईल. मग दुसरीलाही द्यावंच लागेल. स्पर्धा अशीच तर चालते.