दार उघडं असलं तरी चोरी ती चोरीच!

आपल्या जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावायची परंपरा आहे. म्हणून तिथली चोरी कायद्यानं माफ होते का? २०१५ साली तिथंही पोलीस ठाणं झालंच.

तरी वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यानं कपाटातली पोत उचलली, की लोक म्हणतात, "तुम्हीच बोलावलं ना? मग कसली केस?"

मंडळी, आमंत्रण घरात यायचं असतं, वस्तू न्यायचं नाही. पाहुण्यावर घरफोडीचं कलम सहसा बसत नाही, एवढंच. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. राहत्या घरातल्या चोरीला, कलम ३०५ नुसार, ७ वर्षांपर्यंत आणि दंड. गुन्हा अजामीनपात्र.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पाहुण्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही, म्हणून संशय धुणं-भांडी करणाऱ्या ताईवर ढकलतात. नातं टिकतं, तिचं काम आणि अब्रू जाते.

पुराव्याशिवाय कुणावरच बोट ठेवू नका. दागिन्याची पावती, फोटो आणि त्या दिवशी घरात असलेल्या सगळ्यांची यादी घेऊन फिर्याद द्या. यादीत ताईंचं नाव असेल, तर मेव्हण्याचंही असू द्या.