कोणतं शास्त्र, दादा?

फेरफार (साप्ताहिक सदर)

गेल्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या लिंबाखाली एक कुटुंब बसलं होतं. दोन भाऊ, रिसोडकडे दिलेली बहीण आणि टाइप करून आणलेलं हक्कसोडपत्र. बहिणीसाठी घेतलेल्या लुगड्याची पिशवी थोरल्याच्या मांडीवर. बाई सही करीना. मी दिसलो तशी थोरल्यानं हाक मारली, "वकीलसायेब, तुमीच समजावून सांगा हिले. लगन झालं, गोत्र बदललं. पोरीले वावर देनं शास्तरातच नाई."

कायद्याचं उत्तर सोपं होतं, ते मी देऊन टाकलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार केलं. २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा बाप हयात हवा, ही अडचणही सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या विनीता शर्मा निकालात काढून टाकली. पण घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिलं ते 'शास्तर'. या एका शब्दावर आमच्या वकिलीतल्या कोणाही माणसापेक्षा जास्त शाई खर्ची घातली ती पांडुरंग वामन काण्यांनी. त्यांना कोणी असं ऐकवलं असतं, तर ते आधी विचारते, कोणतं शास्त्र? कोणाच्या टीकेतलं?

काणे १८८० चे, चिपळूणजवळच्या परशुरामचे. मुंबई हायकोर्टात वकिली करत करत त्यांनी १९२६ मध्ये नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूख या हिंदू कायद्यावरच्या ग्रंथाची आवृत्ती काढली. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ बेत. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिचाच स्वतंत्र 'धर्मशास्त्राचा इतिहास' झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा संपला तो १९६२ मध्ये; सगळी मिळून ६,५०० च्या आसपास पानं. वाटणीचा दावासुद्धा इतका लांबत नाही. (बरं, काही लांबतात.) पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, भारतरत्न.

सगळी सुरुवात ज्या पोथीपासून झाली, तिच्यातच थोरल्याच्या गोत्राला उत्तर आहे. नीलकंठ सतराव्या शतकातले, राहायला काशीत, पण घराणं मूळ पैठणचं. भाऊ मेला आणि जवळचे वारस उरले नाहीत, तर धन कोणाकडे जावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. आजीनंतर त्यांनी बहिणीला बसवलं. युक्तिवाद असा, की लग्नानंतर ती भावाची सगोत्र राहिली नसेल, पण जन्मली तर त्याच गोत्रात. म्हणून ती गोत्रजच. या आधारावर मुंबई इलाख्यात बहीण वारस ठरली आणि १८६४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं ते उचलून धरलं. बाकी बऱ्याच प्रांतांतल्या बहिणींना मात्र १९२९ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

दत्तकाची गंमत तर याहून भारी. नवऱ्याच्या अनुमतीशिवाय बाईनं मूल दत्तक देऊ नये, घेऊही नये, असं वसिष्ठाचं एक वचन आहे. मिथिलेनं म्हटलं, अनुमती दत्तक घेतेवेळी हवी, म्हणजे विधवेला मार्गच बंद. बंगाल आणि काशी म्हणाले, नवरा जिवंतपणी सांगून गेला असेल तर चालेल. मद्रासकडे नवऱ्याच्या भाऊबंदांची संमती पुरायची. आपल्या महाराष्ट्राच्या परंपरेनं अर्थ लावला, की हे वचन नवरा जिवंत असलेल्या बाईपुरतं. विधवेनं कोणाला विचारायचं कारण नाही. वाक्य एक आणि कायदे चार. एकाच देशात तौलनिक कायद्याचा याहून चांगला धडा कुठं मिळायचा? १९५६ च्या कायद्यानं हे सगळं एका मापात आणलं, तरी त्याआधीच्या दत्तकांवरून लढलेल्या दाव्यांची बाडं आमच्या पिढीनंही चाळली आहेत.

वाचायला काणे सोपे नाहीत. त्यांचं स्वतःचं मत शोधायचं तर आधी इतरांच्या मतांचा ढिगारा उपसावा लागतो. मीही त्यांच्यापर्यंत थेट गेलो नाही. मुल्लाच्या हिंदू कायद्याच्या पुस्तकातल्या तळटिपांतून, एकेका पानानं पोचलो. निकालपत्रांत त्यांचं नाव असंच येतं, एखाद्या ओळीत, साक्षीला उभं केल्यासारखं. फ्रेंच पंडित रोबेर लिंगा आणि लंडनचे डंकन डेरेट यांनी हिंदू कायद्यावर जे लिहिलं, त्याच्या पायातही काण्यांचे दगड आहेत. पुस्तकांच्या बरोबरीनं ते ताम्रपटही पुरावा म्हणून वाचत, हे मला जास्त भावतं. आमचं वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, राज्यवर्ष ३७ चा, प्राकृत-संस्कृत मिसळलेला ताम्रपट इथंच सापडला. त्यात नांदेडकडचं एक गाव ब्राह्मणांना दिलंय आणि कोणकोणत्या सरकारी उपद्रवांतून ते मोकळं, याची लांबलचक यादी आहे. मी त्याला आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात जुना फेरफार म्हणतो. असल्या पत्र्यांवरून कळतं, की शास्त्र पोथीत काय म्हणत होतं ते एक आणि वावरात काय घडत होतं ते दुसरं.

काल ती बाई घरी आली, हक्कसोडपत्राची घडी पदराखाली धरून. सही केलेली नव्हती. चहा पिता पिता मी तिला नीलकंठ भट्टांची गोष्ट सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"म्हंजे भाऊ मेल्यावरच भेटे?"

"तेव्हा, हो. जवळचं कोणी नसलं तर."

"मंग आपलं २००५ च बरं हाय," म्हणाली, आणि वाटणीच्या दाव्याला खर्च किती येतो ते विचारू लागली.

— अर्जदार