बाबांचा ‘एको’



निपाणीकडच्या जत्रेत, गणपतीत लहानपण गेलेल्यांना तो आवाज आठवत असेल : “हॅलो, माईक टेस्टिंग… स्टिंग… स्टिंग…” आम्ही त्याला नुसतं ‘एको’ म्हणायचो. आमचे बाबा अशा कार्यक्रमांना कित्येक वर्षं मिक्सरवर बसायचे. त्यांच्याकडे टेपवर चालणारं एको मशीन होतं. मी बेळगावात बी.ई. करत असताना ते बंद पडलं आणि भंगारात गेलं.

घरी आजोबांच्या अभंगांची एक कॅसेट आहे. घरातच भरलेली, अगदी कोरडी. देवळात आजोबा गायचे तेव्हा एको बाबाच द्यायचे. म्हटलं, बाबांच्या सत्तरीला तोच आवाज लॅपटॉपवर परत आणू.

या मशीनची करामत साधी असते. टेपचं एक बंद वेटोळं फिरत राहतं. एक हेड आवाज भरतं, पुढचं हेड तो क्षणभराने वाजवतं. वाजलेला आवाज पुन्हा भरायला पाठवला की एकामागून एक पडसाद! रोलंडचं १९७४ चं ‘स्पेस एको’ यातलं नामांकित. त्यात वाजवणारी तीन हेड होती. दर फेरीला आवाजाची धार कमी होते आणि मोटर जराशी डगमगली की सूरही थरथरतो. दोषच म्हणायचे, पण गोडवा त्यातच आहे.

म्हणून प्लगइनमध्ये मी ते दोष मुद्दाम घातले. फीडबॅक ३० टक्के, ३,००० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला, थोडी थरथर दिली. अभंगाची लय मिनिटाला ८० मात्रा, म्हणजे एक मात्रा ७५० मिलिसेकंद. पहिला पडसाद ३७५ वर डावीकडे, दुसरा ७५० वर उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. झकास स्टिरिओ!

बाबांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “एक सोडून एक एको येतोय रे.”

मी तासभर सेटिंग तपासत बसलो. चूक कुठेच नव्हती. मग सहज हेडफोन उलटा लावला. तरी बाबांचं तेच, “एक सोडून एक.” बाबांना डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. इतकी वर्षं स्पीकरशेजारी बसून गेलेला कान. “आईला सांगू नको,” एवढंच म्हणाले.

मी दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केलं. आजोबांचा आवाज पुन्हा सुरू झाला. बाबांचं बोट नकळत हवेतला नॉब फिरवू लागलं. “आता जत्रंतला वाटतोय!”

खरंच, जत्रेत कुठला आलाय स्टिरिओ? मैदानाच्या दोन टोकांना भोंगे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर लांबचा भोंगा सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू यायचा. आमचं मैदानच डिले मशीन होतं!

आईला मी सांगितलंच. पुढच्या आठवड्यात बेळगावात कान तपासायला जातोय.

तुमच्याही घरात जुन्या कॅसेट असतील. जरूर सजवा, पण शेवटी एकदा मोनोत ऐका. आणि घरातलं मोठं माणूस “नीट येत नाही” म्हणालं, तर सेटिंगच्या आधी त्यांच्या कानाची चौकशी करा.